निदान रेषा

बार्शीकडून दोन लोण खाऊन निघालो
आणि परतीच्या एसटीत पोरं मलाच विचारतात,
साखळी तुटते का, सर?

सर म्हणतात मला. मी महापालिकेचा चावीवाला.
रात्री लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून
सायकलवर गल्ल्या फिरणारा.
संध्याकाळी गळ्यात शिट्टी आली की सर.

आधी वाटलं, मनगट.
इलियास बोटांत बोटं अडकवतो. शंभरदा सांगितलं,
बोटं नाही बे, मनगट धर,
बोटं गड्ड्यात धरायची, पाळणा वर जाताना.
तो हसतो.
पुढच्या चढाईला पुन्हा बोटंच.

मग वाटलं, भाषा.
चढाईवाल्याने निदान रेषा ओलांडली की
श्रीहरी ओरडतो, पट्टुको!
रेवणसिद्ध, हिडी!
इलियासचं पकड, बाहेरून माझं धर.
चार तोंडांत एकच शब्द,
तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोचेपर्यंत
बार्शीचा तो काटकुळा पोरगा
मध्यरेषेवर हात टेकून मोकळा
आणि आमचे तीन गडी रांगेने बाहेर.

शेवटची पाच मिनिटं मी एवढंच म्हणत होतो,
निदान एक तरी धरा रे. निदान एक.

वहीत लिहून ठेवलंय सगळं.
अकरा पकडी सुटल्या, आठ उजवीकडून.
उजवीकडे श्रीहरी येमूल. मांड्या खांबासारख्या,
भीत कोणाला नाही.
पण समोरचा वळला की हा अर्धा श्वास उशिरा हलतो,
झोपेत कोणी हाक मारावी तसा.
मी लिहिलं: उजवा मध्यरक्षक, मंद.
खाली रेघ मारली.

वैराग सोडलं आणि त्याची मान माझ्या खांद्यावर आली.
काय रे, लूमवर रात्रपाळी?
नाही सर, ती दिवाळीतच सोडली, खेळासाठी.
काल पाणी आलं.
सहाव्या दिवशी, पहाटे तीनला.
दोन बॅरल, वरची टाकी, मग कमलव्वाचे हंडे,
तिला आता उचलत नाही.
साडेपाच वाजले.
साडेसहाला तुम्ही स्टँडवर बोलावलं होतं.

पाणी आलं, म्हणाला.
सोडलं, असं म्हणाला नाही.

नीलम नगर, तिसरी गल्ली.
तिथला व्हॉल्व्ह साडेसोळा आटे फिरतो,
मला पाठ आहेत, पोरांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त.
काल मोजत मोजत उघडला. दहाव्या आट्याला
पाइपात घरघर झाली, कुठेतरी कडी वाजली,
बादली आपटली,
आणि मला बरं वाटलं.
म्हटलं, वेळेत झालं काम, आता दोन तास डोळा लावू,
सकाळी मॅच आहे.

वही पुन्हा काढली. काल अधिक सहा.
पुढचं पाणी अक्कलकोटच्या मॅचच्या आदल्या रात्री.
तिसऱ्या गल्लीला संध्याकाळी सोडलं
तर पहाटेचे तीन नवव्या गल्लीच्या वाट्याला येतात.
नवव्या गल्लीत इलियास राहतो.
पाचवीत रेवणसिद्ध. सातवीत माझी सासुरवाडी.
टाकी तेवढीच, आटे तेवढेच.
मंद हा शब्द खोडला,
त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही.

खांदा आखडला होता. हलवला नाही.
चावी याच खांद्यावर असते, त्याला सवय आहे.

वडाळ्यापाशी ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला,
पुढे शेळ्या होत्या.
श्रीहरी जागा झाला नाही,
पण झोपेतच त्याचा हात आला
आणि त्याने मला धरलं.
बोटं नाही, मनगट.
बाळे आलं तरी सोडलं नाही.